क्रूझवर बाल्कनीतसुद्धा सिगारेट ओढू देत नाहीत. प्रवाशांना हे पटतं का? वडिलांना न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील 67 वर्षांचे आहेत, दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढतात. मुंबईहून निघणाऱ्या बोटीवर चार रात्रींची सहल ठरवलीय, मुद्दाम बाल्कनीची केबिन घेतलीय आणि आता कळतंय की बाल्कनीतही ओढता येत नाही. लोक यावरून भांडतात का आणि वडिलांचे हाल होतील का, असं तुम्ही विचारलंय.

न्या त्यांना, जरूर न्या. फक्त हा नियम त्यांना आजच सांगा. बोटीवर चढल्यावर कळू देऊ नका, कारण आमच्या घरी नेमकं तेच झालं.

आम्ही नाशिकहून बारा जण गेलो होतो. दीर-जावा, मुलं, दोन नातवंडं. आमचे हे गेली पस्तीस वर्षं सिगारेट ओढतात आणि धाकट्या जावेला दमा आहे. एकाच कुटुंबात दोन्ही बाजू असल्यामुळे तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मी चार दिवस जवळून पाहिली.

स्वतःबद्दल एक सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी मूळची सिन्नरची. आमच्या आळीत घरटी एक तरी बाई विड्या वळायची. आई मांडीवर सूप घेऊन बसायची, भिजवलेली टेंभुर्णीची पानं कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायची. संध्याकाळी मोजून कारखान्यात द्यायला मी तिच्याबरोबर जायचे. तंबाखूचा वास हा माझ्या लहानपणाचा वास आहे. ओढणाऱ्या माणसाला मी वाईट समजत नाही. पण आईने आयुष्यात एक विडी ओढली नाही आणि खोकला मात्र तिला शेवटपर्यंत होता, हेही मी विसरलेली नाही.

तर पहिली संध्याकाळ. बोट धक्क्यावरून सुटली, मुंबईचे दिवे मागे पडायला लागले, आम्ही सगळे आपापल्या बाल्कनीत उभे. यांनी सवयीने सिगारेट पेटवली. थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. एक तरुण मुलगा होता, अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, इथे नाही चालत. वरच्या डेकवर मागच्या बाजूला जागा आहे." हे एकदम भडकले. बाल्कनीचे जास्तीचे पैसे मी कशासाठी भरले, दार लावून माझ्या खोलीत बसलोय, वर मोकळं आकाश आहे, कुणाला त्रास होतोय? खरं सांगायचं तर त्यांचं निम्मं बरोबरच होतं. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने तोंडी सांगितलं होतं की बाल्कनीत चालतं, काही काळजी करू नका. बुकिंगच्या कागदांत मात्र मागच्या पानावर नियम छापलेला होता आणि दंडाची रक्कमही. ते पान आमच्यापैकी कुणी उघडलंच नव्हतं.

नंतरच्या चार दिवसांत मी ज्यांना ज्यांना रागावलेलं पाहिलं, त्यांतले बहुतेक नियमावर रागावलेलेच नव्हते. आधी एक सांगितलं आणि निघालं दुसरं, याचा तो राग होता. दुसरा राग होता तो एकाला दटावलं आणि दुसऱ्याला सोडलं याचा. नियम सगळ्यांना सारखा लागू आहे असं दिसलं की लोक मुकाट्याने वर जातात.

बाल्कनीत का नाही, हे मी घरी परत आल्यावर वाचलं. ते आधी माहीत असतं तर त्या संध्याकाळी आमचा अबोला झाला नसता. 23 मार्च 2006 ची गोष्ट. 'स्टार प्रिन्सेस' नावाची मोठी बोट ग्रँड केमनहून जमैकाला चालली होती, अडीच हजारांहून जास्त प्रवासी झोपेत होते. पहाटे तीनच्या सुमारास एका बाल्कनीत आग लागली. चौकशीत सर्वात संभवनीय कारण निघालं ते टाकून दिलेलं सिगारेटचं थोटूक. बाल्कन्यांमधले आडोसे प्लास्टिकच्या जातीचे, खुर्च्या प्लास्टिकच्या, समोर समुद्राचा वारा. आग काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर आणि शेजारच्या बाल्कन्यांमध्ये पोचली. केबिनच्या आत पाण्याचे फवारे होते, पण बाल्कनी म्हणजे बाहेरची जागा असं धरलेलं असल्यामुळे तिथे ना फवारे होते ना आग ओळखणारं यंत्र. धुराने गुदमरून एका प्रवाशाचा जीव गेला, दहाहून अधिक जणांवर उपचार करावे लागले, शेकडो केबिनांचं नुकसान झालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम बदलले आणि 1 जुलै 2008 पासून बाल्कनीतल्या सामानाचा व आगीच्या बंदोबस्ताचाही विचार करणं सक्तीचं झालं.

थोटूक समुद्रात टाकलं तर काय बिघडतं, असं हेसुद्धा म्हणाले होते. चालत्या बोटीवर आपण समुद्रात टाकलेली वस्तू समुद्रातच पडेल याचा भरवसा नसतो. वारा तिला बोटीच्या अंगाला ढकलतो आणि ती खालच्या कुणाच्या तरी बाल्कनीत, वाळत घातलेल्या टॉवेलवर जाऊन पडते. वडिलांना हे एवढंच सांगितलंत तरी पुरेल. धूम्रपान आरोग्याला वाईट आहे हे त्यांनी हजारदा ऐकलं असेल, ते पुन्हा ऐकवून काही होणार नाही. आगीचं कारण मात्र माणसाला चटकन पटतं.

एवढी मोठी आग लागूनही बाल्कन्या लगेच बंद झाल्या नाहीत, याचं मला फार वाटलं. ती बोट ज्या कंपनीची, त्या प्रिन्सेसने केबिन आणि बाल्कनीतली सिगारेट जानेवारी 2012 मध्ये बंद केली. रॉयल कॅरिबियनने बाल्कन्या जानेवारी 2014 पासून बंद केल्या, कार्निव्हलने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. प्रवासी नाराज होतील, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती त्यामागे असणार. ती अगदीच बिनबुडाची नव्हती. कार्निव्हलने 1998 मध्ये 'पॅरडाइज' नावाची पूर्ण धूरमुक्त बोट काढली होती. तिच्यावर कुठेच ओढायची परवानगी नव्हती, पकडलं तर 250 डॉलर दंड आणि पुढच्या बंदरात सामानासकट उतरवून द्यायचे. सहा-एक वर्षांनी ती इतर बोटींसारखीच केली गेली. न ओढणारे लोक बारमध्ये आणि कॅसिनोत कमी पैसे खर्च करतात, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. परदेशातल्या बऱ्याच बोटींवर केबिन बंद, बाल्कनी बंद, पण कॅसिनोत मात्र सिगारेट चालते, त्याचं मूळ इथेच आहे. कॅसिनो बऱ्याचदा बोटीच्या मधोमध असतो, जेवायला किंवा नाटक बघायला जाताना त्यातूनच जावं लागतं आणि न ओढणाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारी तिथल्याच असतात. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आता जावेची गोष्ट. दुसऱ्या रात्री अकराच्या पुढे तिच्या केबिनमध्ये सिगारेटचा वास यायला लागला. आमच्या यांचा नव्हे, पलीकडच्या बाल्कनीतला. तीन मुलं दार ओढून बसली होती. आपली बाल्कनी बंद ठेवली की झालं, असं आम्हाला वाटलं, पण तिचा नवरा बाहेर जायला केबिनचं दार उघडायचा तेव्हा बाल्कनीच्या फटीतून वारा भस्सकन आत यायचा आणि त्याबरोबर धूरही. तिने पंप घेतला. रिसेप्शनला फोन केला, बघतो म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा केला. शेवटी माझे दीर स्वतः खाली गेले, तेव्हा कुठे माणूस आला, आणि तोही त्या मुलांना हळूच समज देऊन परत गेला. दंड नाही, काही नाही. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याला पाच मिनिटांत उठवणाऱ्यांनी या मुलांना तासभर बसू दिलं, हे यांना फार लागलं. रात्री साडेबाराला हे स्वतः त्या मुलांच्या दारावर गेले आणि म्हणाले, "मीही ओढतो. चला, वर जाऊ." गेली ती मुलं. चौघं वर गेले.

तिथून पुढे यांची सहल खरी सुरू झाली. ती वरची जागा म्हणजे मागच्या डेकचा एक कोपरा, चार बाकडी, वाळूचे ॲशट्रे. सकाळी सहाला मी यांच्याबरोबर चहा घेऊन गेले, तर तिथे जळगावचे एक निवृत्त मास्तर, सुरतेचे दोन भाऊ, पुण्याची एक तरुण मुलगी, सगळ्यांची बैठक जमलेली. केळीच्या भावापासून नातवंडांच्या शाळेपर्यंत गप्पा. बोटीवर अनोळखी माणसं एकमेकांशी एवढं मनमोकळं बोलताना मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. यांनी तिसऱ्या दिवशी बाल्कनीचा विषयही काढला नाही.

म्हणून दिवसाची काळजी तुम्ही करू नका. वडील नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जात असतील तर चार तास काढतातच. थिएटरात, दवाखान्यात काढतातच. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदी आहे, त्यांच्या पिढीने ती अंगवळणी पाडून घेतलीय.

खरी अडचण रात्रीची आहे. त्याबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला नीट सांगते. घरी तुमचे वडील रात्री दोनला उठून गॅलरीत एक ओढत असतील. बोटीवर त्यांना कपडे करून, लांबलचक बोळातून लिफ्टपर्यंत, मग चार-पाच मजले वर, मग जड दार ढकलून उघड्या डेकवर जावं लागेल. डेक खारट दमट हवेने ओला असतो, रात्री धुतात तेव्हा तर फारच. वारा असा की तोल जावा. बोट हलत असते. हे तिसऱ्या रात्री एकटेच गेले आणि परत येताना बोळात आमचं दारच सापडेना, सगळी दारं एकसारखी. 67 व्या वर्षी हा जिना-डेकचा खेळ रात्री एकट्याने नको. झोपायच्या आधी अकराला तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर वर जा आणि पहाटे पुन्हा सोबत करा. मधल्या तलफेसाठी निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम मिळतं. ते त्यांच्या वयाला आणि रक्तदाबाला चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

रात्री तलफ आलीच तर बाथरूममध्ये एक ओढतो, असं ते म्हणतील. ते करू देऊ नका. आमच्या केबिनची सफाई करणारा मुलगा सांगत होता की सकाळी लोक उतरले की दुपारी नवे येतात, मधल्या काही तासांत पडदे, गादी, उशा यांतला सिगारेटचा वास घालवणं हे त्याचं सगळ्यात जिकिरीचं काम. परदेशी बोटींवर त्यासाठी 250 डॉलर आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त लावतात, म्हणजे आपले वीस हजारांच्या वर. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणच्या 200 रुपयांची सवय असलेल्या माणसाला तो आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

कुणी तंबाखू मळणारं बरोबर असेल तर तेही बघा. धूर नाही म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याच गटातल्या एकाने पुडी संडासात टाकली. बोटीवरचे संडास पाण्याच्या जोरावर नाही, हवेच्या ओढीवर चालतात. पुडी अडकली आणि आजूबाजूच्या केबिनांचे संडासही तीन तास बंद. त्या तीन तासांत न ओढणारे, ओढणारे सगळे एक होऊन त्याच्यावर चिडले होते. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर नेऊच नका. 2019 पासून त्याची विक्री आणि आयात आपल्याकडे बंद आहे, आणि पुढे कधी सिंगापूरची बोट केलीत तर तिथे जवळ बाळगणंही गुन्हा आहे. सिंगापूरला साध्या सिगारेटींनाही करमाफी नाही, एका पाकिटावरही कर भरावा लागतो, आणि खायच्या तंबाखूला बंदी आहे.

आता बुकिंगवाल्याला फोन करून दोन गोष्टी मागा. एक, सिगारेट ओढायची जागा कोणत्या डेकवर, कोणत्या बाजूला आहे ते लेखी. दुसरी, डेकचा नकाशा. त्यावर तुमची केबिन शोधा. त्या जागेच्या अगदी खाली असेल तर बदलून मागा, कारण बोट बंदरात उभी असते तेव्हा वारा पडतो आणि धूर खाली रेंगाळतो. लिफ्टच्या जवळची मिळाली तर उत्तम. आम्ही पुढच्या वेळी जावेची केबिन पुढच्या भागात आणि आमची मागच्या लिफ्टपाशी घेणार आहोत. यांनीच तसं सुचवलंय.