बाळाला सिकलसेल 'एसएस' निघालंय? आधी एवढंच सांभाळा

ताई, आधी रिपोर्ट नीट बघा. 'एएस' म्हणजे फक्त वाहक, 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या विदर्भात या दोन्हींचा घोळ घालून नातेवाईक उगाच घाबरवतात. तुमचं बाळ एसएस आहे, तर सुरुवातीला एवढंच:

१. ताप. १०१ फॅरेनहाइटच्या वर गेला की रात्र असो की लग्नघर, तडक दवाखाना. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं ही सगळ्यात मोठी चूक. या मुलांची प्लीहा (पोटातला जंतूंशी लढणारा अवयव, पानथरी) लवकर निकामी होते, त्यामुळे जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणूनच पेनिसिलिन पाच वर्षांचं होईपर्यंत रोज, बाळ ठणठणीत दिसलं तरी. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लसही चुकवू नका.

२. डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची ते डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या. ती मोठी झाली आहे का, हे आंघोळीच्या वेळी रोज बघायचं. पोट एकदम फुगलं आणि ओठ पांढरे पडले तर थांबायचं नाही, तडक दवाखाना.

३. पाणी सतत पाजा, थंडीत कानटोपी-मोजे घाला. हातपाय सुजून दुखले तर बर्फ लावू नका, कोमट शेक द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, 'रक्त कमी आहे' म्हणून कुणी लोहाचं टॉनिक सुचवेल. तपासणीशिवाय देऊ नका. फॉलिक ॲसिड वेगळं, ते डॉक्टर देतीलच.

हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचं पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, आज त्यात डोकं घालू नका. माझा पोरगा आता कॉलेजात जातो, पाण्याची बाटली मात्र अजून मीच भरून देते.