खोलीभर लेगो आणि त्या खोलीतले तिघे

"ह्यांना काही आजार आहे का, तेवढंच सांगा मॅडम. असेल तर औषध सुरू करू. नसेल तर मी भांडायला मोकळी."

पहिल्या फोनवर बाईंनी एवढंच विचारलं. नवरा चाळिशीतला, नोकरी नीट, दारू-सिगारेट नाही. साडेचार वर्षांपासून लेगोचे, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्याचे, सेट घेत होता. सूट लागली की घ्यायचा, कुणी जुना साठा काढत असेल तर घ्यायचा, एखादा सेट बंद होणार अशी कुणकुण लागली की दोन-दोन घ्यायचा. सुरुवातीला कपाटातला एक कप्पा भरला, मग पलंगाखालची जागा गेली आणि आता एक अख्खी खोली गेली होती. विचारलं की "गुंतवणूक आहे" असं उत्तर यायचं. विकलेली खोकी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. कधी बायको विचारते, कधी नवरा, कधी कमावत्या मुलाचे आईवडील. लेगोच्या जागी कुठे छोट्या गाड्या असतात, कुठे बूट, कुठे नाणी. ही हकिगत मी दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

आजाराबद्दल आधी. वस्तू साठवत राहण्याच्या विकाराला २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान मिळालं. तो ओळखताना मी खोक्यांच्या संख्येकडे बघत नाही. वस्तू हातावेगळी करायची म्हटली की माणूस किती कासावीस होतो, झोपायची, स्वयंपाकाची, आंघोळीची जागा वापरता येते का, आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडलं आहे का, हे बघते. साधारणपणे संग्राहकाला आपल्याकडे काय आहे आणि ते कुठे आहे हे ठाऊक असतं. यांच्याकडे तर नोंदवही होती: सेटचा क्रमांक, तुकडे किती, कधी घेतला, कितीला घेतला. कर्जाचं मी स्पष्ट विचारलं आणि बँकेचे कागद दोघांसमोर पाहिले. कर्ज नव्हतं. बचत मात्र आटत चालली होती. लपवलेलं कर्ज, पैशांबद्दल सतत खोटं बोलणं किंवा जागा वापरता न येणं, यातलं काही दिसलं असतं तर मी त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या घरी यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी तिकडे जा.

मी बाईंना म्हटलं, माझ्या मते हा तो विकार नाही. त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या रडल्या. आजार असता तर निदान कुणाचा दोष नसता, असं म्हणाल्या.

ते गृहस्थ पहिल्या भेटीला आले ते वकिलासारखी तयारी करून. मी खरेदीचं काही विचारलंच नाही. विटांबद्दल विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग त्यांचा आवाज बदलला. १९५८ च्या जानेवारीत पेटंटसाठी अर्ज केलेली वीट आणि आज कारखान्यातून निघालेली वीट एकमेकींत घट्ट बसतात, हे त्यांनी दोन्ही हातांनी दाखवत सांगितलं. वर आठ खुंट्या असलेल्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हा आकडा त्यांना न अडखळता पाठ होता. या माणसाचं त्या वस्तूवर प्रेम आहे याबद्दल मला शंका उरली नाही. घरच्यांनी ते प्रेम मान्य केल्याशिवाय पुढची कोणतीही चर्चा करू नये, असं माझं मत आहे. 'प्लास्टिकचा कचरा' हा शब्द त्या घरात रोज वापरला जायचा. त्याने एकही खोकं कमी झालं नव्हतं.

मग मी विचारलं, "शेवटचा सेट कधी जोडलात?"

ते बराच वेळ आठवत राहिले. तीन वर्षं होत आली होती.

इथे माझी एक चूक सांगते. मी त्यांना तीन महिने खरेदी बंद ठेवायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अकरा सेट घेतले आणि गाडीच्या डिकीत लपवले. बाईंना ते सापडले तेव्हा त्यांचा माझ्यावरचाही विश्वास डळमळला, आणि ते योग्यच होतं. तोपर्यंत जे उघडपणे होत होतं, ते माझ्या बंदीमुळे चोरून होऊ लागलं. खोलीत नेमकं कोण राहतं हे न पाहताच मी दाराला कुलूप लावायला निघाले होते.

त्या खोलीत तिघे राहत होते. हे मला नोंदवही वाचताना कळलं.

पहिला शिकारी. हा पहाटे उठून किमती बघतो. मोठी सूट कधी लागेल ते सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही म्हणूनच बघणं सुटत नाही. बक्षीस प्रत्येक वेळी न देता अधूनमधून, अंदाज लागणार नाही असं दिलं की प्राणी कळ दाबतच राहतो आणि ती सवय मोडायला सगळ्यात अवघड जाते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसलं होतं. शिकाऱ्याचा आनंद पैसे भरले त्या क्षणापर्यंत आणि त्यानंतर फार तर अर्धा तास. नोंदवहीत असे कितीतरी सेट होते ज्यांचं पार्सलचं बाहेरचं वेष्टनही काढलेलं नव्हतं.

दुसरा विक्रेता. याच्याकडे आकडे असतात. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या सेटच्या किमती तपासल्या, तेव्हा न उघडलेल्या सेटवर वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा निघाला. हे खरं आहे. त्याच अभ्यासात काही सेट सपाटून पडलेही होते, पण ते वाक्य विक्रेत्याच्या लक्षात राहत नाही.

तिसरा संग्राहक. याला मालिका पूर्ण हवी असते. २००७ मध्ये कोपऱ्यावरच्या कॅफेपासून सुरू झालेली एकमेकींना जोडता येणाऱ्या इमारतींची मालिका यांच्याकडे जवळजवळ पूर्ण होती. त्या 'जवळजवळ'ने त्यांची झोप उडवली होती.

या तिघांपैकी एकटा कुणीही घर बुडवत नाही. शुद्ध शिकारी घेतो आणि लगेच विकतो. शुद्ध विक्रेता हिशेब जुळला नाही की थांबतो. शुद्ध संग्राहक मोजकंच आणि निवडून घेतो. गोंधळ होतो तो तिघे एकमेकांना जामीन राहतात तेव्हा. शिकारी घेताना म्हणतो, नको झालं तर विक्रेता विकेल. विकायची वेळ आली की संग्राहक आडवा येतो, मालिका तुटेल म्हणतो. मग निदान जोडून कपाटावर ठेवू म्हटलं, तर विक्रेता ओरडतो की सील फोडलं की भाव गेला. अशा रीतीने खोकं ना विकलं जातं, ना जोडलं जातं, ना बघितलं जातं.

मी हे त्यांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "हे तर मी रोज स्वतःशीच बोलतो."

त्याच भेटीत मी त्यांना २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. एरिएली, कामेनिका आणि प्रेलेक या संशोधकांनी लोकांना लेगोची बायोनिकल, म्हणजे तुकडे जोडून होणारी छोटी पात्रं, जोडायला बसवलं आणि दर नगाला मोबदला कमी कमी करत नेला. एका गटाची जोडलेली खेळणी समोर मांडून ठेवली. दुसऱ्या गटाने एक जोडायला घेतलं की आधीचं त्यांच्या डोळ्यांदेखत सुटं केलं जाई. मोबदला दोन्हीकडे सारखाच. पहिल्या गटाने सरासरी १०.६ नग जोडले, दुसऱ्याने ७.२ वरच हात टेकले. ते ऐकून गृहस्थ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्यांच्याकडे सुटं करायला तरी काही होतं."

काम सुरू झालं ते तीन रंगांच्या चिठ्ठ्यांनी: बांधायचं, ठेवायचं, विकायचं. खोकी २१४ होती. प्रत्येकावर एकच चिठ्ठी लावायची आणि एकदा लावली की त्या खोक्याबद्दल बाकीच्या दोघांना बोलायचा हक्क नाही. 'एक विकल्याशिवाय एक घ्यायचा नाही' हा नियम पुष्कळ जण सुचवतात. मी तो देत नाही. शिकारी लगेच एखादा स्वस्तातला सेट तोट्यात फुंकून नव्याचा परवाना मिळवतो. मी एवढंच सांगितलं की घेण्याआधी चिठ्ठीचा रंग वहीत लिहायचा आणि एक रात्र जाऊ द्यायची. सवलतीच्या सूचना फोनवरून बंद. पहिल्या महिन्यात रात्र उलटल्यावर नऊपैकी सात वेळा त्यांना तो सेट नकोसा वाटला. उरलेले दोन त्यांनी घेतले, आणि बायकोला सांगून घेतले.

विकायच्या चिठ्ठीची खोकी काढली तेव्हा खरा हिशेब समोर आला. तो इथे सविस्तर मांडते, कारण 'गुंतवणूक आहे' या शब्दाशी घरचे भांडतात, हिशेबाशी भांडत नाहीत. शंभराला घेतलेला सेट चार वर्षांनी दीडशेला गेला तर वर्षाला जवळपास पावणेअकरा टक्के सुटले असं दिसतं. त्यातून विक्रीच्या जागेचं कमिशन, खोक्याभोवतीचं दुसरं खोकं आणि पाठवणीचा खर्च मिळून पंचवीस गेले, की हातात सव्वाशे उरतात, म्हणजे वर्षाला पावणेसहा टक्के. कोपरा चेपलेलं खोकं, दमटपणामुळे फुगलेला पुठ्ठा आणि ती खोली या सगळ्याची किंमत अजून धरलेलीच नाही. शिवाय कंपनी बंद केलेला सेट पुन्हा काढू शकते. ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल २००८ मध्ये आला, पुढे बंद झाला आणि जुन्या बाजारात त्याचा भाव गगनाला भिडला. २०१७ मध्ये तोच एक तुकडा वाढवून, ५,९२३ तुकड्यांचा म्हणून परत आला आणि जुन्याचा भाव खाली आला. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या मिलेनियम फाल्कन यानाच्या २००७ च्या मोठ्या सेटच्या जागी ७,५४१ तुकड्यांचं नवं यान आलं. गृहस्थांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी ते स्वतःच्या खोलीला कधी लावून पाहिलं नव्हतं.

आणखी एक अडचण आली. विक्रीला ठेवताना ते किंमत बाजारभावाच्या वर लावत. बाजारभाव त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता, तरीही. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोळ्यात वाढते. काहनेमन, क्नेच आणि थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगात साधा मग हातात आलेल्यांनी तो विकताना, विकत घेणारे देऊ करत होते त्याच्या जवळपास दुप्पट किंमत मागितली होती. म्हणून आम्ही किंमत ठरवायचं काम बाईंकडे दिलं. अलीकडे प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे आकडे त्या बघणार आणि लिहिणार.

याचा एक परिणाम मी योजलेला नव्हता. बाई तोवर खोकी मोजत होत्या, आता त्या वाचायला लागल्या. कोणता सेट का मागितला जातो, एखादी छोटी आकृती हरवली की भाव इतका का कोसळतो, हे त्या नवऱ्याला विचारू लागल्या. सहाव्या भेटीत दोघं माझ्यासमोर एका किल्ल्याच्या भावावरून वाद घालत होते. मी मध्ये पडले नाही.

बांधायच्या चिठ्ठ्या सुरुवातीला फक्त चार होत्या. त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्या खोलीत जात नसे. लहानपणी तिला दोन-तीनदा "हात लावू नकोस, ते आपलं नाही" असं सांगितलं गेलं होतं आणि तिने ते मनावर घेतलं होतं. वडिलांना हे वाक्य आठवतही नव्हतं. मी ते तिच्याकडूनच ऐकलं आणि तिच्या संमतीने त्यांना सांगितलं. त्या आठवड्यात बांधायच्या चिठ्ठ्या एकोणीस झाल्या. पहिलं सील त्यांनी स्वतः फोडलं नाही, कात्री तिच्या हातात दिली. हात थरथरले ते वडिलांचे, असं बाईंनी मला सांगितलं. आतल्या पिशव्या क्रमांकाने लावायला तिला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ ते खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसून होते.

आज ठेवायच्या इमारतींची मालिका जोडून एका भिंतीवर, थेट उन्हापासून दूर मांडलेली आहे. पांढऱ्या विटा उन्हाने पिवळ्या पडतात, त्यामुळे पडदा कुठे लावायचा यावर बरीच चर्चा झाली. त्या मालिकेत एक जागा अजून रिकामी आहे. तो सेट बाजारात आहे, भाव फार आहे, आणि त्यांनी तो अजून घेतलेला नाही. खोलीतली निम्म्याहून जास्त जमीन दिसते. एकशे तीस खोकी विकली गेली, काही नफ्यात, बरीचशी बरोबरीत, थोडी तोट्यात. पहाटेची जाग मात्र अजून येते. तेव्हा ते उठतात, फोन दुसऱ्या खोलीत आहे हे आठवतं आणि परत पडतात. कधीकधी पडत नाहीत.

डिकीत लपवलेल्या अकरा सेटवर अजून एकही चिठ्ठी लागलेली नाही. ते विकायला त्यांना लाज वाटते, बांधायला बाईंना नको वाटतं. ते दाराजवळ वेगळे ठेवले आहेत. पुढची भेट त्या अकरांसाठी आहे आणि मी दोघांना एकत्रच बोलावलं आहे.