एन्क्रिप्शनमधले ‘थोडे बदल’ आणि पेटंटची हमी

प्रश्न : आमची पुण्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी आम्ही कायबर ही क्वांटम संगणकालाही दाद न देणारी एन्क्रिप्शन पद्धत वापरली. वेग वाढावा म्हणून इंजिनिअरने त्यात थोडे बदल केले. आता ग्राहकाच्या करारात कलम आहे : पेटंटचा कोणताही दावा आला, तर सगळी भरपाई आम्ही द्यायची. सही करावी का?

उत्तर : आहे त्या शब्दांत अजिबात करू नका. पण मला त्या कलमापेक्षा तुमच्या ‘थोडे बदल’ची जास्त काळजी वाटते.

अमेरिकेत तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने जुलै 2022 मध्ये कायबरची निवड केली, तेव्हाच सांगितलं होतं की कायबरला लागू होऊ शकणाऱ्या पेटंटांच्या धारकांशी वर्षअखेरीपर्यंत करार झाले नाहीत, तर एनटीआरयू या दुसऱ्या एन्क्रिप्शन पद्धतीचा विचार करू. करार झाले. एक फ्रान्समधली सीएनआरएस ही संशोधन संस्था आणि लिमोज विद्यापीठ यांच्याशी, दुसरा एन्क्रिप्शनचे संशोधक जिनताई डिंग यांच्याशी. त्यामुळे ती पेटंटं वापरायला पैसे पडत नाहीत. मात्र ही मुभा एनआयएसटीने प्रसिद्ध केलेल्या अल्गोरिदमपुरतीच आहे. त्यात फेरफार केलेला किंवा त्यावरून बेतलेला प्रकार तिच्यात बसत नाही. कायबरवर आधारलेलं एनआयएसटीचं अंतिम मानक ऑगस्ट 2024 मध्ये फिप्स 203 या क्रमांकाने आलं, त्यातल्या पद्धतीचं नाव एमएल-केम. जुनं कायबर त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून तुमची लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे ते आधी बघा.

मग इंजिनिअरला नेमकं विचारा. कोड वेगळ्या तऱ्हेने लिहिला, पण उत्तर मानकाबरहुकूम येतं, तर माझ्या मते चिंता नाही. 3329 हा मॉड्युलस (गणितात ज्या संख्येने भागून बाकी घेतात ती) किंवा दुसरं एखादं पॅरामीटर बदललं असेल, तर ते आजच पूर्ववत करा.

‘कोड तर पुण्यात लिहिला’ हा बचाव इथे चालणार नाही. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं हे खरं, पण तुमचं सॉफ्टवेअर वापरलं जाणार अमेरिकेत. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(के)नुसार अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही, पण तिथल्या कोर्टात त्याचा उपयोग नाही. दावा ग्राहकावर होईल आणि करारातल्या भरपाईच्या कलमामुळे बिल तुमच्याकडे येईल.

कलमात तीन गोष्टी घालून घ्या : हमी फक्त फिप्स 203 प्रमाणे केलेल्या कामाची, भरपाईची कमाल रक्कम कराराच्या किमतीएवढी, आणि ग्राहकाने स्वतः केलेल्या बदलांची जबाबदारी त्याची. कमाल रकमेला तो तयार नसेल, तर अमेरिकेतल्या पेटंट वकिलाचं लेखी मत हातात येईपर्यंत सही थांबवा.