अंगणाचं काम ठेकेदाराला देताना

पहिल्यांदाच काम देताय, म्हणून सांगतो: दर विचारायच्या आधी ठेकेदाराचं दोन-तीन वर्षं जुनं काम बघून या. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. पाणी कुठे साचतं, फरशीचे कोपरे खचलेत का, भिंतीच्या सांध्यातला माल नखाने भुसभुशीत निघतो का, हे हात लावून पाहा. घरमालकाला विचारा, काही बिघडल्यावर माणूस परत आला का?

अंदाजपत्रक लेखीच घ्या. नुसतं ‘काँक्रीट करणे’ लिहून भागत नाही. जाडी किती, खाली खडीचा थर किती, तो ठोकून बसवणार का, सळई की जाळी, राडारोडा कोण उचलणार, सगळं त्यात हवं. उतार तर आवर्जून लिहून घ्या: घरापासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर.

काँक्रीट ओततात त्या दिवशी जागेवर थांबा. माल पसरायला सोपा जावा म्हणून त्यात जादा पाणी घालतात आणि ताकद तिथेच जाते. तेव्हा भीड न ठेवता थांबवा. पुढे निदान 7 दिवस पाणी कोण मारणार, हेही आधीच ठरवा. काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांनी येते असं धरतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी गाडी चढवू नका.

पाइप आणि केबल आधी, झाडं आणि हिरवळ शेवटी. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. शेवटचा हप्ता मात्र बादलीभर पाणी ओतून ते कुठे वाहतं हे बघितल्यावरच.