बझरची वायर काढली, आता लॉगमधे काय बघू?

प्रश्न : भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ३३/११ केव्ही सबस्टेशनवर रात्रपाळीले ऑपरेटर आहो. शेतीच्या एका फीडरच्या (गावांकडे जाणारी ११ केव्ही लाइन) पॅनलवर ट्रिप सर्किटचा अलार्म रात्रीतून तीस-चाळीसदा वाजते अन् आपोआप जाते. त्या कटकटीनं एकानं बझरची वायरच काढून ठेवली. मग एका रात्री फॉल्ट आला तर आमचा ब्रेकर (फॉल्टमधे लाइन तोडणारा स्विच) उडलाच नाही, इनकमर (सगळ्या फीडरांचा मुख्य ब्रेकर) उडला अन् सगळे गावं अंधारात. साहेबांनी लॉग मागितला तर रिलेत (फॉल्ट ओळखून ब्रेकरले हुकूम देणारं यंत्र) साल २००० दाखवते अन् नुसता त्याच अलार्मचा भरणा. काय करावं?

उत्तर : भाऊ, पहिले ती वायर जोडा, आजच. हा अलार्म म्हणजे रिले सांगतोय की ब्रेकर उडवणाऱ्या ट्रिप कॉइलपर्यंतचा रस्ता तुटलाय, म्हणजे फॉल्ट आला, रिलेनं हुकूम दिला तरी कॉइलला काहीच पोचणार नाही. तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतंय. इनकमर उडला म्हणून निभावलं, पण पावसाळ्यात तार तुटून पऱ्हाटीत पडली अन् ती जिवंतच राहिली तर सकाळी डवरणीला गेलेल्या माणसाचं काय होईल, हे मला लिहितानाही बघवत नाही.

आता लॉग. रिलेच्या मेमरीत ठराविकच नोंदी मावतात, नवीन आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. अलार्म एकदा आला-गेला की दोन नोंदी, चाळीसदा म्हणजे ऐंशी, त्यात फॉल्टची नोंद ढकलली गेली असेल. पण बऱ्याच रिलेत फॉल्ट रेकॉर्ड वेगळा ठेवलेला असतो, तो बघा, आणि तोवर क्लिअरचं बटण कोणालाच दाबू देऊ नका.

साल २००० दिसतंय म्हणजे बहुतेक रिलेची डीसी (बॅटरीवरून येणारी वीज) कधीतरी गेली होती अन् आतल्या घड्याळाचा बॅकअप संपलेला आहे. घाईनं तारीख सेट करू नका! आधी रिलेचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ शेजारी ठेवून एकच फोटो काढा. समजा रिलेत ५ जानेवारी १०:२० आहे, मोबाइलमधे १७ तारीख १४:५०, अन् फॉल्टची नोंद ३ जानेवारी २२:०० ची. म्हणजे फॉल्ट आत्तापासून ३६ तास २० मिनिटं आधीचा, खरी वेळ १६ तारखेच्या पहाटे ०२:३०. मधे परत डीसी गेली नसेल तर हा हिशोब पक्का लागतो, इनकमरच्या रिलेशी जुळवून बघा. मग तारीख सेट करा, सगळ्या रिलेंची एकाच मोबाइलवरून.

त्या ऐंशी नोंदी टाकाऊ नाहीत बरं का, वेळा वहीत उतरवा. पहाटे दव पडल्यावरच अलार्म येत असेल तर बाहेरच्या बॉक्सचं रबर गेलंय, आत ओल शिरते. वारा सुटला की किंवा ब्रेकर चालू-बंद केल्यावर येत असेल तर ढिलं टर्मिनल नाहीतर ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (ब्रेकरसोबत हलणारा छोटा स्विच). सोबत डीसी लोचा (बॅटरीचा व्होल्टेज कमी) अलार्म येत असेल तर बॅटरी अन् चार्जर बघावा लागेल. ही वही साहेबांपुढे ठेवली की टेस्टिंगवाल्यांना शोधत बसावं लागत नाही.

दुरुस्ती झाल्यावर रीतसर परमिट (कामाची लेखी परवानगी) घेऊन रिलेमार्फतच ब्रेकर उडवायला लावा, हातानं उडवून समाधान मानू नका, कारण हातानं उडवला की रिलेपासून कॉइलपर्यंतचा रस्ता तपासलाच जात नाही. मग लॉगमधे ट्रिप कमांड आणि ब्रेकर ओपन यातलं अंतर बघा. व्हॅक्युम ब्रेकरला ५०-६० मिलिसेकंद ठीक, दीड-दोनशे निघाले तर मेकॅनिझम जड झालंय, ग्रीस वाळलं असेल, तो फीडर तसाच चार्ज करू नका.