साउंड म्हणजे आवाजच, असं धरून मी केलेला घोळ

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. तुमचं नाही, माझंच. जुन्या जहाजप्रवासाचं वर्णन तुम्ही मराठीत आणताय. त्यात ‘दे साउंडेड ट्वाइस बिफोर एंटरिंग द साउंड’ असं वाक्य आलंय. तुम्ही लिहिलंत, ‘आवाजाच्या टप्प्यात शिरण्यापूर्वी त्यांनी दोनदा भोंगा वाजवला’, आणि ते तुमचं तुम्हालाच पटत नाहीये. पुढच्याच ओळीत एक खलाशी ‘बाय द डीप एट’ असं ओरडतो, त्याचाही संदर्भ लागत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की साउंडचा मूळ अर्थ आवाज, तर बाकीचे अर्थ त्यातून निघाले कसे?

निघालेच नाहीत. गोम तिथेच आहे, आणि मी नेमकी तिथेच आपटले होते.

शब्दकोश कसा बघायचा वगैरे सांगत बसत नाही, अनुवाद करताय म्हणजे ते येतच असणार. फक्त नोंदीच्या शब्दाला चिकटून वर बारीक १, २, ३, ४ असे आकडे असतात, ते बघितलेत का? एका नोंदीच्या पोटात येणारे अर्थांचे क्रमांक वेगळे आणि हे वेगळे. हा आकडा बदलला की शब्दच बदलला. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण घराणं दुसरं. रन या क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या संपादकांनी ६४५ अर्थ मोजले, पण ते सगळं एकच खटलं आहे, फांद्या फुटत गेलेलं. साउंडचं तसं नाही. हे एकाच आडनावाचे चार शेजारी आहेत. बिऱ्हाडं वेगळी, गावं वेगळी.

पहिला आवाजाचा. हा लॅटिन ‘सोनुस’वरून फ्रेंचमार्गे आला आणि इंग्रजीत आधी नुसता ‘सून’ होता. शेवटचा ‘ड’ पंधराव्या शतकाच्या आसपास उगाचच चिकटला. थंडरमधला ड असाच आगंतुक आहे. म्हणजे मुळात याचं रूप बाकीच्या तिघांसारखं नव्हतंच, एक अक्षर जास्तीचं लागलं आणि तो त्यांच्यासारखा दिसायला लागला.

दुसरा धडधाकट या अर्थाचा. हा अस्सल जर्मॅनिक. कोणी शिंकलं की जर्मन लोक ‘गेझुंडहाइट’ म्हणतात, त्यातला ‘गेझुंड’ तो हाच. सेफ अँड साउंड, साउंड माइंड, साउंड अॅडव्हाइस ही सगळी याची मंडळी. साउंड अस्लीप म्हणजे गाढ झोप, तीही इथलीच. त्या झोपेत आवाज होत असेल तर तो घोरण्याचा, शब्दाचा नाही.

तिसरा पाण्याचा. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत, ‘सुंद’ म्हणजे पोहणं आणि सामुद्रधुनीसुद्धा. स्विमशी याचं नातं आहे. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधलं ओरेसुंद ते हेच. तिथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कने १४२९ ते १८५७ एवढा काळ जकात वसूल केली आणि इंग्रजीत तिला साउंड ड्यूजच म्हणतात. (मी एका मसुद्यात याचं भाषांतर ‘ध्वनिकर’ असं झालेलं बघितलंय. माझं नव्हतं, देवाशपथ.) न्यूझीलंडचं मिलफर्ड साउंड मात्र नावाला साउंड आहे, प्रत्यक्षात तो फ्योर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र. तेव्हा नावात साउंड दिसलं की डोळे मिटून ‘सामुद्रधुनी’ लिहू नका, नकाशा उघडा.

आणि चौथा, ज्याने मला बुडवलं. पाण्याची खोली मोजणं. फ्रेंच ‘सोंदे’वरून आलेला. त्याच्याही मागे नॉर्स सुंदच असावा असं काही अभ्यासक म्हणतात, पण इंग्रजीत तो वेगळ्या दाराने आला म्हणून कोशात वेगळा बसतो.

आता माझी गोष्ट. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा एका भाषांतर संस्थेसाठी कामं घेत होते. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. जहाजात भिजलेल्या मालाच्या विमादाव्याचा तपासणी अहवाल आला. त्यात वाक्य होतं, ‘बिल्जेस वेअर साउंडेड डेली अँड फाउंड ड्राय’. बिल्ज म्हणजे जहाजाच्या अगदी तळाशी पाणी साचायची जागा. मी लिहिलं, ‘बिल्ज दररोज ठोकून आवाज तपासला जात असे व ते कोरडे आढळले.’

हसू नका, यामागे विचार होता. विचार होता हाच तर प्रॉब्लेम. आपण मराठीत म्हणतो ना, नाणं खणखणीत, प्रकृती खणखणीत. वाजवून बघितलं, नाद चांगला आला, म्हणजे वस्तू चांगली. मला वाटलं इंग्रजांनीही असंच केलं असणार, म्हणून तर आवाजाचा शब्द धडधाकटपणाला लागला. त्यात इंग्रजीत ‘साउंड अॅज अ बेल’ हा वाक्प्रचार आहेच, घंटेसारखा ठणठणीत. झालं, माझी व्युत्पत्ती सिद्ध! हातोडीने ठोकून धातूची तपासणी करतात हेही ऐकून माहीत होतं. सगळं इतकं चपखल बसलं की शब्दकोश उघडायची गरजच वाटली नाही. माहिती नव्हती म्हणून मी चुकले नाही. सुंदर स्पष्टीकरण सापडलं म्हणून चुकले. तुमच्या ‘त्यातून कसे निघाले’ या प्रश्नात मला तेच दिसलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

अहवालात खरं काय होतं? टाकीच्या किंवा बिल्जच्या तळापर्यंत एक उभी नळी जाते, तिला साउंडिंग पाइप म्हणतात. वरून तिचं झाकण उघडायचं आणि वजन लावलेली मोजपट्टी किंवा सळई सोडायची, ती तळाला टेकू द्यायची. रोज टेकून टेकून तळाला भोक पडू नये म्हणून नळीखाली जाड पत्र्याचा तुकडा बसवलेला असतो. मग ती ओढून घ्यायची आणि ओल कुठपर्यंत लागलीय ते वाचायचं. ओल स्पष्ट दिसावी म्हणून खडू किंवा खास लेप चोळतात. हे झालं साउंडिंग. याच्या उलट, वरच्या कडेपासून द्रवाच्या पृष्ठभागापर्यंतची रिकामी जागा मोजली तर ती अलेज. ‘रोज साउंडिंग घेतलं, कोरडं आढळलं’ म्हणजे तळाला पाणी साचत नव्हतं याचा रोजचा पुरावा. अख्ख्या दाव्यातला कळीचा मुद्दा. माझ्या मराठीत त्या पुराव्याची नुसती ठोकाठोक झाली. वाचणाऱ्या पक्षाने विचारलं, म्हणजे पाणी कोणी मोजलंच नाही का? त्यावर पत्रापत्री, खुलासे, फेरभाषांतर. फेरभाषांतर अर्थातच फुकट, आणि वर मोबदल्यात कपात.

चूक माझीच होती, ती मान्य आहे. पण त्या भाषांतर संस्थेबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्याकडे ठरावीक शब्दांची यादी होती, कुलूपबंद. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, ‘सुसंगती’साठी. साउंडपुढे ‘ध्वनी’. त्याच अहवालात पुढे साउंड व्हॅल्यू आलं होतं. सागरी विम्यात मालाचं नुकसान काढताना माल शाबूत पोचला असता तर त्याची किंमत किती आणि खराब अवस्थेत किती, अशी तुलना करतात. त्यातली शाबूत मालाची किंमत ती साउंड व्हॅल्यू. तिथे मात्र मी बरोबर ‘शाबूत मालाचे मूल्य’ लिहिलं होतं. संस्थेच्या तपासनिसाने ते खोडून ‘ध्वनी मूल्य’ केलं! यादीत नाही म्हणून. मी तीन वेळा लेखी विचारलं, जहाजाच्या क्षेत्रातला कोणी माणूस मिळेल का, पाच मिनिटं बोलायला? तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: ‘कृपया संदर्भानुसार पाहावे.’ अहो, संदर्भानुसार पाहू द्या म्हणूनच तर विचारतेय! आणि संदर्भानुसार लिहिलं की यादी आडवी येणार. ज्याने ही पद्धत काढली त्याने ‘मान’ या शब्दालाही एकच इंग्रजी शब्द देऊन दाखवावा. ती मान आणि तो मान, गळ्याची मान संस्कृत ‘मन्या’वरून आलेली, आदराचा ‘मान’ संस्कृतातून तसाच. आपल्याकडे निदान लिंगावरून कळतं, इंग्रजीत तेवढीही सोय नाही.

असो. तुमच्या वाक्याकडे येते.

‘बाय द डीप एट’ ही भोंग्याची नव्हे, खोली सांगायची आरोळी आहे. दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात टाकायचे. दोरीवर फॅदम या खोलीच्या मापाने ठरावीक अंतरांवर खुणा असायच्या. दोन फॅदमला चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनला तीन, पाचला पांढरी चिंधी, सातला तांबडी, दहाला भोक पाडलेलं चामडं. चिंध्यांची कापडं मुद्दाम वेगवेगळी, म्हणजे अंधारात नुसत्या स्पर्शाने ओळखता येतील. खूण असलेल्या आकड्याला ‘बाय द मार्क’ म्हणायचं. आठला खूण नसते, तो अंदाजाने सांगायचा, म्हणून ‘बाय द डीप’. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनचं टोपणनावही मिसिसिपीवरच्या अशाच आरोळीतलं, दोन फॅदम म्हणजे बारा फूट पाणी.

आणि फॅदमला घाबरू नका. सहा फूट, मुळात पसरलेले दोन हात. आपला ‘वाव’ म्हणजे नेमकं तेच माप. ‘आठ वाव पाणी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला समुद्र दिसेल, ‘आठ फॅदम’मध्ये तळटीप दिसेल. हे माझं मत. संपादकाला मीटरच हवे असतील तर १४.६, पण माझ्या मते जुन्या प्रवासवर्णनात मीटर घालणं हा गुन्हा आहे.

या चौथ्या साउंडसाठी मराठी किती तयार आहे बघा: ठाव घेणे, थांग लावणे. पाण्याचाही आणि मनाचाही. इंग्रजीत ‘साउंड हिम आउट’ म्हणतात तेव्हा तिथे आवाजाचा काही संबंध नसतो, माणसाच्या मनाचा ठाव घ्यायचा असतो. आपण खडा टाकून बघतो, ते शिसं टाकून बघतात. देवमासा ‘साउंड्स’ म्हणजे ओरडत नाही, खोल बुडी मारतो. डॉक्टरांकडची साउंड नावाची सळई शरीरातल्या पोकळीचा अंदाज घेते. साउंडिंग रॉकेट वातावरणाचा ठाव घेतं, १९६३ मध्ये केरळातल्या थुंब्याहून उडालं ते याच जातीचं. त्याला ‘ध्वनी रॉकेट’ म्हणायचा मोह आवरा.

फक्त एका ठिकाणी जपून. इको साउंडर. तो खोली मोजतो, पण मोजतो आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून. १८७५ मध्ये चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांजवळ ४,४७५ फॅदम मोजले ते दोरी सोडून. प्रतिध्वनीने मोजायचं तंत्र विसाव्या शतकातलं. म्हणजे पहिला आणि चौथा शेजारी शेकडो वर्षांनी योगायोगाने एकाच यंत्रात भेटले. माझ्यासारख्या लोकांना हे यंत्र दाखवून ‘बघा, आवाजच मूळ’ म्हणायला मोकळं रान मिळतं.

जाता जाता, उलटा सापळाही असतो. आधी साउंडसारखंच एक उदाहरण: लेट म्हणजे होऊ देणे, आणि पासपोर्टवरच्या ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’मधला लेट म्हणजे अडथळा. हे दोन वेगळे शब्द, पुढे सारखे दिसायला लागलेले. टेनिसमधला लेट अडथळ्यावालाच, असं सहसा मानतात. पण फास्ट म्हणजे घट्ट आणि फास्ट म्हणजे जलद हे मात्र एकाच मुळाचे, एवढे लांब गेले तरी. तेव्हा अर्थ लांबचे दिसले म्हणून शब्द वेगळे असंही ठोकून देऊ नका. नुसत्या तर्काने दोन्हीकडे फसायला होतं. आकडा बघा, बस्स.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही आणि जहाजावर कधी काम केलेलं नाही, त्यामुळे छापायला देण्याआधी समुद्रावर काम केलेल्या एखाद्या माणसाला दोन पानं वाचून दाखवा. मी वाक्य असं करेन: ‘सामुद्रधुनीत शिरण्याआधी त्यांनी दोनदा पाण्याचा ठाव घेतला.’ ती जागा खरंच सामुद्रधुनी आहे की आत शिरलेली खाडी, ते तेवढं नकाशावर बघा.

आणखी एक, पुढच्या पानांत ‘टॅलो’ म्हणजे चरबी आणि तिच्यासोबत वाळू, शिंपले असे शब्द आले तर तो स्वयंपाक समजू नका. शिशाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात. तळाची माती तिला चिकटून वर येते आणि जहाज कुठे आलंय ते त्यावरून ताडतात.