बर्थ सेंटरमध्ये बाळंतपण: खर्च कसा मोजावा?

कांदिवलीहून एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय 31 आहे, पहिलेच बाळंतपण आहे, बाविसावा आठवडा सुरू आहे आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. घराजवळच्या खासगी हॉस्पिटलने दोन खाटांच्या खोलीसाठी नॉर्मल प्रसूतीचे 1,15,000 आणि सिझेरियनचे 1,95,000 रुपये सांगितले आहेत. अंधेरी पश्चिमेला प्रशिक्षित मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रसविका, चालवत असलेले एक बर्थ सेंटर त्यांनी पाहिले आणि त्यांना ते मनापासून आवडले. तिथले पॅकेज 1,20,000 रुपयांचे आहे. त्यात गरोदरपणातल्या तपासण्या, पूर्वतयारीचे वर्ग, प्रसूती आणि नंतरच्या तीन घरभेटी येतात. ‘फरक फक्त पाच हजारांचा आहे, मग मनाला पटेल ते का निवडू नये?’ असा त्यांचा प्रश्न आहे. सासूबाईंचा आग्रह महापालिकेच्या प्रसूतिगृहाचा आहे, तर आईने गरज पडल्यास आपल्या बांगड्या देऊ केल्या आहेत.

आपल्या पत्राला उत्तर देताना एक मर्यादा आधीच सांगतो. बाळंतपण कुठे सुरक्षित होईल हे ठरवण्याचा अधिकार आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा आणि आपला आहे. रक्तदाब, साखर, वारेची जागा आणि बाळाची स्थिती पाहून जोखीम कमी असल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तरच बर्थ सेंटरचा विचार पुढे न्यावा. ते त्यांनी सांगितले आहे असे गृहीत धरून मी केवळ पैशांविषयी लिहितो.

पाच हजारांचा फरक आपण दोन दरपत्रके शेजारी ठेवून काढला आहे. आपल्या खिशातून किती जाणार हे मात्र विमा कंपनी किती देणार यावर ठरते. आपल्या कंपनीच्या समूह विम्यात नॉर्मल प्रसूतीसाठी 60,000 आणि सिझेरियनसाठी 75,000 रुपयांची मर्यादा आहे. पत्रात एका ओळीत आपण असेही लिहिले आहे की यजमानांच्या बँकेच्या समूह विम्यात पत्नी म्हणून आपले नाव आहे आणि तिथे प्रसूतीसाठी 50,000 रुपयांची तरतूद आहे. आपल्या हिशेबात ही रक्कम कुठेच धरलेली नाही. खर्च भरून देणाऱ्या दोन पॉलिसी असतील, तर पहिलीची मर्यादा संपल्यावर उरलेल्या बिलाचा दावा दुसरीकडे करता येतो. त्यासाठी पहिल्या कंपनीचे दावा मंजुरीचे पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती जोडाव्या लागतात. दोन्ही ठिकाणच्या मनुष्यबळ विभागाकडून या अटी आताच समजून घ्या.

आता हॉस्पिटलचा हिशेब पाहू. नॉर्मल प्रसूती झाली तर 1,15,000 मधून 60,000 आणि 50,000 वजा जाऊन 5,000 उरतात. गरोदरपणातल्या तपासण्या आणि वर्ग यांचे 30,000 आपण वेगळे धरले आहेत, ते मिळवून 35,000 होतात. सिझेरियन झाले तर 70,000 अधिक 30,000, म्हणजे एक लाख रुपये. या दुसऱ्या आकड्याकडे दुर्मीळ शक्यता म्हणून पाहू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या 100 पैकी सुमारे 47 प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण सुमारे 14 आहे. आपल्याला बर्थ सेंटर का खुणावते आहे हे मला या दोन आकड्यांवरून समजते आणि त्या ओढीला मी कमी लेखत नाही.

बर्थ सेंटरचे गणित मात्र एका कागदावर अडते. विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येनुसार ‘हॉस्पिटल’ म्हणजे क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली किंवा त्या कायद्याच्या परिशिष्टातल्या राज्य कायद्यांखाली नोंदलेली संस्था. तशी नोंदणी नसेल, तर दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात किमान 15 खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका आणि डॉक्टर, तसेच सुसज्ज शस्त्रक्रियागृह हे सगळे असावे लागते. तीन-चार खोल्यांचे बर्थ सेंटर या दुसऱ्या कसोटीला उतरणार नाही. म्हणून सगळी भिस्त पहिल्या कसोटीवर राहते. आपल्या राज्यात ही नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि प्रसूतिगृहेही त्यात येतात. त्या केंद्राकडे हे प्रमाणपत्र आहे का, ते कोणत्या नावाने आहे आणि त्याची मुदत आपल्या तारखेपलीकडे जाते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका जोडप्याचा दावा केवळ नोंदणीची मुदत संपल्यामुळे फेटाळला गेला होता. केंद्रातली सेवा उत्तम होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होते, तरी एक रुपयाही परत मिळाला नाही.

प्रमाणपत्र मिळाले तरी तेवढ्यावर थांबू नका. त्याची प्रत आणि केंद्राचे दरपत्रक जोडून दोन्ही विमा कंपन्यांना ईमेल पाठवा आणि ‘या ठिकाणी झालेल्या प्रसूतीचा दावा ग्राह्य धराल का?’ असे सरळ विचारा. दूरध्वनीवर कोणी ‘हो’ म्हटले, तर त्याला दाव्याच्या वेळी काही किंमत राहत नाही. कॅशलेसची आशा धरू नका. 2024 च्या जानेवारीत विमा कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या, म्हणजे तिच्याशी करार नसलेल्या, रुग्णालयांसाठी जी कॅशलेस सोय जाहीर झाली, तिलाही 15 खाटांची अट आहे. पैसे आधी आपण भरायचे आणि मग परताव्यासाठी अर्ज करायचा, असेच धरून चाला. शिवाय पॅकेजची एकच पावती घेऊ नका. वर्ग आणि घरभेटी यांना विमा सहसा लागू होत नाही, म्हणून प्रसूतीचे बिल वेगळे हवे. केंद्राने आपल्याला दिलेल्या तपशिलात प्रसूतीचा वाटा 80,000 रुपयांचा आहे. दोन्ही कंपन्यांनी तो मान्य केला, तर पूर्ण भरून निघेल आणि आपल्या खिशातून 40,000 जातील. हॉस्पिटलच्या 35,000 शी तुलना केली तर आपला पाच हजारांचा फरक इथे खरा ठरतो. त्यांनी नकार दिला, तर संपूर्ण 1,20,000 आपले आणि हाच फरक 85,000 रुपयांचा होतो.

यापुढची शक्यता आपल्या पत्रात अजिबात आलेली नाही आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. कळा सुरू झाल्यानंतर बर्थ सेंटरमधून हॉस्पिटलमध्ये हलवावे लागले तर काय? इंग्लंडमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कमी जोखमीच्या सुमारे 64,000 प्रसूती पाहिल्या गेल्या. स्वतंत्र मिडवाइफ केंद्रात बाळंतपण करायचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 100 मागे सुमारे 36 जणींना हॉस्पिटलमध्ये हलवावे लागले, तर आधी बाळंतपण झालेल्यांपैकी 9 जणींना. हलवण्याचे सर्वांत मोठे कारण प्रसूती पुढे न सरकणे हे होते, त्यामुळे या आकड्याने घाबरून जाऊ नका. त्याच अभ्यासात अशा केंद्रांची निवड केलेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाणही कमी आढळले. पण तिथे केंद्र आणि हॉस्पिटल दोन्ही एकाच सरकारी आरोग्यसेवेचे भाग असतात आणि हलवलेल्या बाईच्या हातात दुसरे बिल पडत नाही. मुंबईत ते पडते.

आपल्या केंद्राच्या करारात असे लिहिले आहे की प्रसूती सुरू झाल्यावर हॉस्पिटलमध्ये पाठवावे लागल्यास 35,000 रुपये परत मिळतील. म्हणजे 85,000 तिथेच राहिले. पुढे हॉस्पिटलमध्ये सिझेरियन झाले आणि विम्याची सगळी मर्यादा त्या बिलाकडे वळवली, तरी वर 70,000 द्यावे लागतील. एकूण 1,55,000 झाले, आणि त्यात रुग्णवाहिका धरलेली नाही. ऐनवेळी आलेल्या, आधी नाव न नोंदवलेल्या रुग्णाकडून हॉस्पिटल मोठे डिपॉझिट मागू शकते. विमा कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा असा 2024 पासून नियम आहे, तरी त्या तासाभरासाठी पैसे हाताशी असलेले बरे.

तारीख जुलैतली आहे हेही विसरू नका. केंद्र रुळांच्या पश्चिमेला आणि त्यांचे ठरलेले हॉस्पिटल पूर्वेला आहे, असे आपण लिहिले आहे. अंधेरीचा सबवे जोरदार पावसात पाणी भरून बंद होतो हे तिथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पर्यायी मार्ग कोणता, रुग्णवाहिका केंद्राची स्वतःची आहे की बाहेरून मागवावी लागते आणि पश्चिमेलाच दुसरे हॉस्पिटल ठरवता येईल का, हे विचारा. हे प्रश्न हिशेबाचे वाटत नसले, तरी नेमके कोणत्या हॉस्पिटलात पोहोचाल आणि ते विम्याच्या जाळ्यात असेल का, हे त्यांवरच ठरते.

बाळाचा खर्चही वेगळा धरा. आमच्या मुलीला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी कावीळ वाढल्यामुळे दिव्याखाली ठेवावे लागले होते. नवजात बाळांमध्ये ही अगदी सर्वसामान्य गोष्ट आहे, पण लोकांना नियोजन शिकवणाऱ्या मी स्वतः त्या बिलासाठी एक पैसाही बाजूला ठेवला नव्हता, याची खंत मला आजही वाटते. नवजात अर्भकाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, ते प्रसूतीच्या मर्यादेतूनच जाते की कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेतून, आणि बाळाचे नाव किती दिवसांत कळवायचे, हे दोन्ही पॉलिसींत वाचून घ्या. उत्तर मिळेपर्यंत एनआयसीयूसाठी, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी, एक लाख रुपये राखून ठेवा, असे मी सांगेन.

आता आपली 3,20,000 रुपयांची मुदत ठेव समोर ठेवू. हॉस्पिटल निवडले आणि सगळे प्रतिकूल घडले, तर एक लाख आणि बाळासाठी एक लाख जाऊन 1,20,000 उरतात. बर्थ सेंटर निवडून सगळे प्रतिकूल घडले, तर 1,55,000 आणि एक लाख जाऊन 65,000 उरतात. 26 आठवड्यांच्या पगारी रजेनंतर आणखी तीन महिने बिनपगारी रजा घेऊन बाळाजवळ राहायची आपली इच्छा आहे. घरकर्जाचा 41,000 रुपयांचा हप्ता आपल्या पगारातून जातो, म्हणजे त्या तीन महिन्यांचे 1,23,000 होतात. पहिल्या परिस्थितीत ही रजा जवळपास पूर्ण घेता येईल, दुसऱ्या परिस्थितीत दीड महिनाच. बर्थ सेंटरची खरी किंमत मला इथे दिसते. त्या दीड महिन्याचे मोल किती, हे आपल्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही.

माझे मत विचारलेत, म्हणून स्पष्ट सांगतो. एप्रिलअखेरपर्यंत दोन्ही विमा कंपन्यांचा लेखी होकार, चालू मुदतीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि हलवण्याच्या व्यवस्थेचा लेखी तपशील हाती आला, तर बर्थ सेंटर निवडण्यास माझी आर्थिक हरकत नाही. त्या स्थितीतही हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवून ठेवा. यांतला एक जरी कागद आला नाही, तर या वेळी हॉस्पिटल निवडा. मग वाचलेल्या पैशांतून पूर्वतयारीचे चांगले वर्ग घ्या, आणि मिडवाइफना प्रसूतीच्या खोलीत सोबत येऊ देणारे हॉस्पिटल मिळते का ते शोधा. केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणून परिचारिकांसाठी 18 महिन्यांचे विशेष प्रशिक्षण आखले, त्यातही अशी सेवा रुग्णालयाच्या आवारातच देण्याची कल्पना आहे. आपण ज्यांची सोबत घ्याल, त्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसविका म्हणून नोंदणी आहे ना, हे तपासा. धीर देणारी डूला वेगळी आणि प्रसूती करणारी मिडवाइफ वेगळी.

सासूबाईंचा सल्लाही झटकून टाकू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी संस्थांत सिझेरियनसह प्रसूती आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत देण्याची तरतूद आहे. तिथली गर्दी आपल्याला मानवेल का, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा.

आता बांगड्यांविषयी. त्या आईकडेच राहू द्या. मुदत ठेवीतले एक लाख रुपये जूनमध्ये बचत खात्यात आणा, म्हणजे डिपॉझिटची सोय होईल. त्याहून अधिक लागले तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या. बँका ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असते, आणि विम्याचा परतावा आला की ते फेडून टाकता येते.